सहा महिने, सहा यंत्रं : क्वालालंपूरच्या प्लाझ्मा कार्यशाळेतून काय उभं राहिलं

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात प्लाझ्मा तंत्रज्ञान आणि त्याचे औद्योगिक उपयोग या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. प्लाझ्मा म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला, वीज वाहून नेणारा वायू. अनुदानाचा अर्ज मीच भरला होता. पाहुण्यांचा प्रवास, निवास, मानधन, चहा-जेवण, पिशव्या, प्रमाणपत्रं, आणि तळाशी ‘प्रयोगसाहित्य’ नावाचा एक रकाना. सगळं धरून झाल्यावर जे उरेल ते तिथे टाकायचं.

व्याख्यानं उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी औद्योगिक वसाहतीतले एक हीट ट्रीटमेंटवाले उठून उभे राहिले. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेली एक पोलादी पिन काढली. बोटाएवढी, मधून आरपार भोक असलेली, प्लाझ्मा नायट्रायडिंग करून, म्हणजे पृष्ठभाग कठीण व्हावा म्हणून त्यात नायट्रोजन मुरवून आणलेली. म्हणाले, “सर, बाहेरून काम छान झालंय. पण भोकाच्या तोंडाशी बघा. इथे काळं पडतं आणि कड उडते. असं का होतं?” व्याख्याते पुढे झाले, पिन उजेडात धरून फिरवली, ‘होलो कॅथोड’ एवढा शब्द उच्चारला आणि तेवढ्यात जेवणाची सूचना झाली. पिन परत कागदात गेली. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाला, मंडळी आपापल्या गावी गेली.

त्या पिनचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या सबंध कार्यशाळेत तेवढी एकच गोष्ट खरोखरच्या कारखान्यातून आली होती आणि तिच्यासाठी आमच्याकडे वेळही नव्हता, यंत्रही नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : विज्ञानाच्या कार्यशाळेला आधार द्यायचा म्हणजे नेमका कशाला द्यायचा? मला सापडलेलं सगळ्यात पक्कं उत्तर १९८५-८६ साली मलेशियात, मलाया विद्यापीठात झालेल्या एका प्रशिक्षणात आहे. त्याचंच हे प्रकरण मांडतो आहे.

प्रयोगवाल्याचा एकटेपणा

गोष्ट खरी सुरू होते इटलीतल्या त्रिएस्त गावी. पाकिस्तानचे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम १९५१ साली केंब्रिजहून लाहोरला परतले, सरकारी कॉलेजात शिकवू लागले, आणि १९५४ मध्ये परत इंग्लंडला निघून गेले. लाहोरमध्ये त्यांच्या विषयावर बोलायला माणूस नव्हता. हा सल त्यांच्या मनातून गेला नाही. १९६४ साली त्रिएस्तला सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र, म्हणजे आयसीटीपी, उभं राहिलं ते त्यातूनच. गरीब देशातल्या संशोधकानं देश न सोडता अधूनमधून इथे यावं, ताजंतवानं होऊन परत जावं, ही कल्पना. प्लाझ्मा भौतिकी तिथे आवर्जून शिकवली जाई.

पण सैद्धांतिक माणसाचा एकटेपणा आणि प्रयोग करणाऱ्याचा एकटेपणा यांत फरक आहे. पहिल्याला भेटीगाठी, पत्रं, नियतकालिकं मिळाली की त्याचं काम चालू राहतं. दुसरा त्रिएस्तहून कितीही शिकून आला, तरी त्याच्या प्रयोगशाळेत कपॅसिटर नसतो, पंप नसतो, ऑसिलोस्कोप असला तर बिघडलेला असतो. शिकलेलं हळूहळू वहीत राहतं आणि दोन वर्षांत माणूस पुन्हा पाठ्यपुस्तकातला धडा शिकवू लागतो. हे मी अंदाजानं लिहीत नाही. आमच्याकडच्या कितीतरी हुशार प्राध्यापकांचं असं झालेलं मी जवळून पाहिलं आहे.

मलाया विद्यापीठातले सिंग ली हे मुळात प्रयोग करणारे. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगशाळांसारखा पैसा हाती नसताना क्वालालंपूरमध्ये प्लाझ्माची प्रयोगशाळा उभी करायची म्हणजे काय काय करावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. संयुक्त राष्ट्र विद्यापीठानं, म्हणजे टोकियोत मुख्यालय असलेल्या युएनयूनं, प्लाझ्मा आणि लेसर तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाला पाठबळ दिलं. इजिप्त, इंडोनेशिया, पाकिस्तान, सिएरा लिओन अशा देशांतून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके संशोधक सहा महिन्यांसाठी क्वालालंपूरला आले. ते गेले तेव्हा प्लाझ्मा यंत्राचे सहा संच तयार झालेले होते, त्यांच्या त्यांच्या संस्थांत न्यायला. यंत्राला पुढे नाव मिळालं ‘युएनयू/आयसीटीपी प्लाझ्मा फोकस’. दोन्ही पाठीराख्यांची नावं यंत्रावरच कोरली गेली.

मराठीत आपण चर्चासत्राला ‘कार्यशाळा’ म्हणतो आणि लेथ, ड्रिल, शेपर असतं त्या जागेला ‘वर्कशॉप’ म्हणतो. शब्द एकच, पण आपण त्याची दोन घरं केली. क्वालालंपूरला त्या सहा महिन्यांत ती दोन घरं एक होती.

हेच यंत्र का

सगळा निकाल इथे लागला, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्लाझ्माचं प्रायोगिक यंत्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर टोकामॅक येतो, म्हणजे अणूंची केंद्रकं एकत्र जोडून (संलयन) ऊर्जा काढू पाहणारं कड्याच्या आकाराचं यंत्र. मोठी चुंबकं, उच्च निर्वात, महागडा वीजपुरवठा. तसं काही सिएरा लिओनला पाठवून चालणार नव्हतं. लींनी निवडला प्लाझ्मा फोकस. हे यंत्र १९६० च्या दशकात सोव्हिएत संघात फिलिपोव्ह आणि अमेरिकेत मेदर यांनी स्वतंत्रपणे पुढे आणलेलं. क्वालालंपूरचं यंत्र मेदर पद्धतीचं होतं.

रचना ऐकली तर कोणताही चांगला फिटर मान डोलावेल. मध्ये तांब्याची पोकळ नळी, १६ सेंटिमीटर लांब, जेमतेम १.९ सेंटिमीटर जाड. हा ॲनोड. त्याच्याभोवती ३.२ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर तांब्याचे सहा दांडे, तो कॅथोड. बुडाशी दोहोंच्या मध्ये पायरेक्स काचेची एक बाही. हे सगळं एका बंद नळकांड्यात. बाहेर एकच कपॅसिटर, ३० मायक्रोफॅरड, १५ किलोव्होल्टपर्यंत भरायचा. त्याच्या आणि नळीच्या मध्ये साधा हवेतला स्पार्क गॅप. ठिणगीला चालना देणाऱ्या सर्किटमध्ये टीव्हीत असतो तसा ट्रान्सफॉर्मर.

इथे प्रत्येक निवडीमागे गरिबीचा विचार आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. यंत्र चालतं ते तीन-चार टॉर दाबावर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे-अडीचशेव्या हिश्श्यावर. त्यामुळे डिफ्यूजन पंप नको, टर्बो पंप नको. कोणत्याही कॉलेजात सापडणारा रोटरी पंप पुरतो. कपॅसिटर एकच, म्हणजे अनेक कपॅसिटर एका क्षणी सोडण्याची डोकेदुखी नाही. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वायू मिळाला तर न्यूट्रॉन मोजता येतात. नाही मिळाला तर हायड्रोजन, निऑन, आर्गॉन यांवरही फोकस होतो. एखाद्या देशात एखादी वस्तू मिळाली नाही म्हणून यंत्र धूळ खात पडणार नाही, याची काळजी आराखड्यातच घेतलेली होती.

आणि एवढं करून आत जे घडतं ते किरकोळ नाही. १५ किलोव्होल्टला भरलेल्या त्या कपॅसिटरमध्ये ३,३७५ ज्यूल ऊर्जा असते. शंभर वॅटचा दिवा अर्धा मिनिट पेटेल, एवढीच. पण ती तीनेक मायक्रोसेकंदांत बाहेर पडू लागते. त्या तेवढ्या काळापुरती शक्ती मोजली तर ती शंभर कोटी वॅटच्या पुढे जाते, म्हणजे कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॅट क्षमतेच्या निम्म्याहून जास्त. प्रवाह १७०-१८० हजार अँपिअरपर्यंत चढतो. पावसाळ्यात कडाडणाऱ्या साधारण विजेत तीसेक हजार असतो.

बटण दाबलं की काचेच्या बाहीवरून प्लाझ्माचा पातळ पडदा उठतो. त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाचंच चुंबकीय क्षेत्र त्याला पुढे ढकलतं. वाटेतला वायू गोळा करत तो ॲनोडच्या टोकाकडे धावतो. टोकाला पोचेपर्यंत वेग सेकंदाला शंभरेक किलोमीटर झालेला असतो, म्हणजे मुंबईहून पुण्याला दीड सेकंदात. टोकापुढे आधार संपतो आणि सगळा पडदा चारी बाजूंनी मध्यावर कोसळतो. तिथे दीडेक सेंटिमीटर लांब, मिलिमीटरभर त्रिज्येचा प्लाझ्माचा तंतू तयार होतो. काही नॅनोसेकंद टिकतो. तापमान कोटीभर अंशांच्या घरात. त्यातून क्ष-किरण, आयनांचे झोत, इलेक्ट्रॉनांचे झोत बाहेर पडतात, आणि ड्युटेरियम असेल तर एका शॉटला साधारण दहा कोटी न्यूट्रॉन. एवढं सगळं एका टेबलावर.

या यंत्राबद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९९६ साली ली आणि सर्बान यांनी आकड्यांत मांडली. प्रवाह भागिले ॲनोडची त्रिज्या, त्याला दाबाच्या वर्गमुळानं भागा. नीट चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्लाझ्मा फोकससाठी ही संख्या नव्वदच्या आसपास येते, मग यंत्र टेबलावरचं असो किंवा वॉर्सातलं दहा लाख ज्यूलचं. त्याचा अर्थ असा की, छोट्या यंत्रातला प्लाझ्मा मोठ्या यंत्रातल्याइतकाच वेगवान आणि तितकाच तापलेला असतो. फक्त आकारानं लहान. म्हणजे सिएरा लिओनच्या विद्यार्थ्याच्या हाती ‘शिकायला म्हणून’ एखादं खेळणं दिलेलं नव्हतं. त्याच्यासमोर होता तो खराच प्लाझ्मा. पाठबळ देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही ही बाब लक्षात ठेवावी, असं मला कळकळीनं वाटतं. कमी पैशात करायचं म्हणजे कमी दर्जाचं करायचं, असं नसतं. निवड अचूक लागते.

डिप

या यंत्रावर काम करणारे ‘प्रयोग केला’ म्हणत नाहीत, ‘शॉट मारला’ म्हणतात. शॉटनंतर पहिला प्रश्न एकच : “डिप आला का?”

कपॅसिटर भरू लागला की खोलीत आपोआप शांतता होते. मीटरचा काटा चढत जातो, बारा, तेरा, चौदा. सगळे हात यंत्रापासून लांब. भरलेला कपॅसिटर माणसाला क्षमा करत नाही, म्हणून लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांड्याला बांधलेली अर्थिंगची तार कायम हाताशी. बटण. स्पार्क गॅपचा फटाक्यासारखा आवाज. सगळे एकदम ऑसिलोस्कोपकडे वळतात. प्रवाहाची रेषा डोंगरासारखी वर चढलेली असते, आणि फोकस नीट झाला असेल तर माथ्याजवळ तिला एक खोल खाच पडलेली असते. ती खाच म्हणजे डिप. प्लाझ्मा मध्यावर कोसळला त्या क्षणी सर्किटचा अडथळा एकदम वाढला, त्याची ही सही.

पहिल्या शॉटला डिप येत नाही. दुसऱ्यालाही येत नाही. नव्या बाहीची काच शॉट खाऊन ‘मुरावी’ लागते, तिच्यावरचे वायू निघून जावे लागतात, आणि मगच पडदा सगळीकडून सारखा उठतो. पाठ्यपुस्तकात याला अर्धी ओळ मिळते. पण ज्यानं दहा-बारा शॉट कोरडे जाताना पाहिले, दाब थोडा वाढवून पाहिला, थोडा कमी केला, बाही काढून पुसली, परत बसवली आणि मग एकदाची ती खाच पाहिली, तो माणूस घरी गेल्यावर घाबरत नाही. क्वालालंपूरला सहा महिने लागले ते यासाठी. दोन दिवसांत काच मुरत नाही, माणूसही नाही.

आणि माणसांनी तिथे हे तयार यंत्रावर केलं नाही. संच जोडण्यात, चाचणी घेण्यात, बिघाड शोधण्यात ते स्वतः होते. प्रवाह मोजायला लागणारं रोगोव्स्की कॉइल हातानं गुंडाळता येतं, व्होल्टेज प्रोब साध्या रोधकांची माळ करून बनतो. त्यामुळे यंत्र उलगडून पाहायची भीती उरली नाही. या कामावरचा लेख १९८८ साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये आला. त्यावर अकरा लेखकांची नावं आहेत, शिकवणारे आणि शिकणारे एकाच ओळीत. त्या ओळीत घोलप हे आडनाव दिसलं तेव्हा मला झालेला आनंद इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट दिली गेली, ती म्हणजे सिद्धांत. लींचं गणिती प्रारूप या यंत्राच्या सोबतीनं वाढलं. मोजलेली प्रवाहाची रेषा त्यात बसवायची, म्हणजे आतला वेग, तापमान, तंतूची जाडी यांचा अंदाज येतो. न दिसणारं काय घडलं ते ज्याच्याकडे महागडे कॅमेरे नाहीत त्यालाही समजू लागतं. पुढे हे प्रारूप एक्सेलच्या फाइलमध्ये आलं आणि कुणालाही मोफत मिळू लागलं.

घरी गेल्यावर

बहुतेक कार्यशाळांचा हिशेब समारोपाला संपतो. इथे तो तिथून सुरू झाला.

इस्लामाबादच्या कायद-ए-आझम विद्यापीठात या यंत्राभोवती एक मोठा गट उभा राहिला आणि पीएच.डी.चे विद्यार्थी घडू लागले. दिल्ली विद्यापीठातही हे यंत्र आलं. तिथल्या एका कामाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण उद्योगाचा धागा तिथे हाती लागतो. पीझेडटी नावाचा एक पदार्थ आहे, शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं ऑक्सिजनशी झालेलं संयुग. स्वयंपाकघरातला गॅस पेटवायचा लायटर खटकन दाबला की ठिणगी पडते, ती अशाच पदार्थाच्या जिवावर. सेन्सरमध्येही तो लागतो. त्याचा पातळ थर बसवला की तो आधी अस्फटिक असतो, म्हणजे अणूंची मांडणी विस्कळीत. उपयोगी व्हायला ती मांडणी रांगेत यावी लागते, त्यासाठी एरवी थर भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवतात. दिल्लीतल्या महेप्रकाश श्रीवास्तव यांच्या गटानं तो थर प्लाझ्मा फोकसच्या टोकासमोर धरला आणि आयनांच्या झोतानं त्याचे स्फटिक बनवून दाखवले. १९९३ साली हे काम फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापून आलं. त्या गटातले राजदीपसिंग रावत पुढे सिंगापूरला गेले आणि प्लाझ्मा फोकसचा वापर पदार्थांवर करण्याच्या क्षेत्रातलं मोठं नाव झाले. संलयनाचे धडे द्यायला बनवलेलं यंत्र हळूहळू पदार्थविज्ञानाचं अवजार बनलं. ज्यांच्या हातात ते कायमचं होतं त्यांनाच ही वाट सुचू शकली.

१९८८ मध्ये आशियाई-आफ्रिकी प्लाझ्मा प्रशिक्षण संघटना स्थापन झाली. पुढे यंत्रांची संख्या आणखी काही देशांत वाढत गेली. सगळी जुळी भावंडं. ही जुळी असणं किती कामाचं, हे बिघाड शोधत बसलेल्यालाच कळतं. एका प्रयोगशाळेत डिप येईना, तर दुसरीकडे विचारता येतं : तुमचा दाब किती, बाही किती लांब, किती व्होल्टला भरता? उत्तरातला आकडा जसाच्या तसा वापरता येतो, कारण तांब्याच्या दांड्यापर्यंत सगळं सारखं आहे. विद्यार्थ्याला दुसऱ्या देशात पाठवलं तर पहिल्या दिवसापासून तो कामाला लागतो. ‘नेटवर्किंग’ हा शब्द हल्ली प्रत्येक अर्जात असतो. इथे लोकांना जोडून ठेवलं ते एकसारख्या यंत्रानं.

कारखान्यापर्यंत का पोचलं नाही

या प्रकरणाची मला दिसलेली उणीव सांगणं माझं कर्तव्य आहे. या कार्यशाळेनं संशोधक घडवले, प्रबंध घडवले, प्रयोगशाळा घडवल्या. कारखान्याच्या दारापर्यंत ती स्वतः फारशी पोचली नाही.

कारण यंत्राच्या स्वभावातच आहे. एक शॉट मारायचा, कपॅसिटर परत भरायचा, पुन्हा मारायचा. दोन शॉट तंतोतंत सारखे येत नाहीत. इलेक्ट्रॉनांच्या झोतानं ॲनोडचं टोक झिजतं. शिकायला हे सगळं उत्तम, पण कारखान्याला तीन पाळ्यांत सारखाच निघणारा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, हवा असतो. लींना याची जाणीव होती. पुढे सिंगापूरला त्यांच्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी सेकंदाला अनेक शॉट मारणारी यंत्रं बांधली, निऑन भरून मऊ (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण काढण्यासाठी. हेतू होता चिपवरची नक्षी कोरण्याचा. चिपच्या उद्योगानं शेवटी वेगळी वाट धरली. कथिलाच्या थेंबांवर लेसर मारून केलेल्या प्लाझ्मातून येणारा १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश आज तिथे वापरला जातो. पण प्लाझ्मातून निघणाऱ्या किरणांनी नक्षी कोरायची, ही दिशा दोघांची एकच होती.

उद्योगाकडे जाणारी दुसरी वाट आपल्या शेजारी, गुजरातेत दिसते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनं १९९७ साली औद्योगिक प्लाझ्मा तंत्रज्ञानासाठी एफसीआयपीटी हे वेगळं केंद्र काढलं, तेही औद्योगिक वसाहतीत. संशोधनसंस्थेच्या फाटकाआड बसून उद्योगाची वाट पाहायची नाही, त्याच्या गल्लीत जाऊन बसायचं. उद्योगानं अडचण आणायची, केंद्रानं तिच्यासाठी प्रक्रिया बसवायची. नायट्रायडिंग, लेपन, रुग्णालयातल्या कचऱ्याचं प्लाझ्मा भट्टीत विघटन अशी कामं तिथे झाली. मला त्यातलं अंगोरा सशाच्या लोकरीचं काम विशेष वाटतं. ती लोकर इतकी गुळगुळीत की धाग्यात टिकत नाही, सुटून येते. तंतूवरून प्लाझ्मा फिरवला की पृष्ठभाग जरा खरखरीत होतो आणि तंतू एकमेकांना धरून राहतात. पाणी लागत नाही, रसायन लागत नाही. हे यंत्र कुलूच्या लोकरवाल्यांपर्यंत नेलं गेलं.

म्हणजे क्वालालंपूरनं माणसाच्या हातात यंत्र दिलं, आणि गांधीनगरनं यंत्रासमोर कारखान्याचा जॉब ठेवला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कार्यशाळांना दोन्ही हवं आहे. भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर, वाळूज इथे नायट्रायडिंगचं काम रोज होतं किंवा रोज लागतं. निळसर-जांभळ्या प्रकाशात न्हालेले गिअर काचेच्या खिडकीतून तासन्‌तास बघणारे ऑपरेटर आहेत. त्या प्रकाशाचं भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. आणि दोघांची ओळख नाही.

त्या पिनकडे परत

पिनच्या भोकाशी काय झालं असावं, ते आता नीट सांगतो. नायट्रायडिंगमध्ये जॉब स्वतः कॅथोड असतो. नायट्रोजन आणि हायड्रोजनचं मिश्रण, काही टॉर दाब, काहीशे व्होल्ट, आणि जॉब पाचशे अंशांच्या आसपास. जॉबच्या अंगाला धरून प्रकाशाचं एक आवरण बसतं. भोकात समोरासमोरच्या भिंतींची आवरणं एकमेकांत मिसळली, तर इलेक्ट्रॉन त्या पोकळीतच इकडून तिकडे हेलपाटे घालतात आणि तेवढ्या जागी प्लाझ्मा भडकतो. तापमान बाकीच्या जॉबपेक्षा वर जातं, थर ठिसूळ होतो, कड उडते. हाच होलो कॅथोड. आवरणाची जाडी दाबावर ठरते, म्हणून दाब बदलून ते टाळता येतं. किंवा भोक बूच मारून बंद करायचं.

हे फळ्यावर सांगायला पाच मिनिटं पुरतात. डोळ्यांनी दाखवायला एक काचेची नळी, रोटरी पंप, बॅलास्ट रोधक लावलेला वीजपुरवठा आणि भोक पाडलेला पत्रा लागतो. दाबाचा व्हॉल्व्ह हळूहळू फिरवला की एका ठरावीक जागी भोक एकदम पेटून उठतं. ज्यानं ते एकदा पाहिलं त्याला भट्टीच्या खिडकीतून पुन्हा ओळखता येतं.

या वर्षीचा अर्ज मी वेगळा भरला आहे. दोन दिवसांऐवजी तीन आठवडे, मे महिन्याच्या सुट्टीत. साठ जणांऐवजी बारा. सहा प्राध्यापक आणि सहा कारखान्यातले, एका टेबलावर एकेक जोडी. पिशव्या नाहीत, बॅनर नाही. ‘प्रयोगसाहित्य’ हा रकाना पहिला घेतला आणि बहुतेक रक्कम तिथे टाकली : सहा नळ्या, सहा वीजपुरवठे, सहा दाबमापकं, सगळं एकाच मापाचं. पंप कॉलेजांनी आपापले आणायचे. लेथवर बसायला आमच्याच वसाहतीतले एक निवृत्त टर्नर तयार आहेत, त्यांचं मानधन व्याख्यात्यांइतकंच धरलं आहे. शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीनं आपली नळी आपल्या गावी घेऊन जायची आणि पुढचं वर्षभर महिन्यातून एकदा सहाही टेबलांनी एकच मोजमाप करून एकमेकांना कळवायचं. अर्ज तपासणाऱ्या समितीनं विचारलं की साहित्य सहभागींना देऊन टाकलं तर संस्थेच्या नोंदवहीत काय दिसणार. मी क्वालालंपूरचे आकडे लिहून पाठवले आहेत.

हीट ट्रीटमेंटवाल्यांना परवा फोन केला. ती पिन अजून आहे का, म्हणून विचारलं. म्हणाले, “आहे की, ड्रॉवरमध्येच आहे. आणि तसल्या आणखी चार जमल्यात.” पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला पाचही घेऊन या, असं सांगितलं आहे. त्या दिवशी उद्घाटनाचा कार्यक्रम ठेवलेला नाही.